‘पीएच.डी. करून काय होतं?’ याचं उत्तर घरी कसं द्यायचं

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला आशय असा:

वय वीस, बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राचं तिसरं वर्ष नुकतंच सुरू झालंय. आईवडील दोघांचीही शाळा दहावीच्या आतच सुटली. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. दोन एकर डाळिंबाची बाग तेल्या या जिवाणूजन्य रोगानं गेली, सोसायटीचं कर्ज अंगावर आहे, धाकटा भाऊ बारावीला आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं आपल्याच बागेतली डाग पडलेली पानं नेली, त्यातून जिवाणू वाढवला आणि तेव्हापासून तिच्या मनानं घेतलंय की आपण संशोधनातच जायचं. घरचे म्हणतात, बी.एड. कर, नाहीतर एमआयडीसीतल्या औषध कंपनीत लाग. मामा एमपीएससीचं सांगतात. आत्यानं एक स्थळ आणलंय. कॉलेजातले एक सर म्हणाले, संशोधनाला घरची परिस्थिती लागते, इंग्रजी लागतं, ते आपल्यासारख्यांचं काम नाही. वडिलांनी एवढंच विचारलं, “पीएच.डी. करून काय होतं?” तिला उत्तर देता आलं नाही. ती विचारते: घरावर कर्ज असताना स्वतःच्या आवडीपायी आणखी दहा वर्षं शिकत राहणं हा स्वार्थ नाही का?

प्रिय मैत्रिणी,

घरच्या परिस्थितीबद्दल तू पानंच्या पानं लिहिलीस आणि प्रयोगाबद्दल जेमतेम चार ओळी. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करते. तिसऱ्या दिवशी प्लेटवर पिवळ्या, चकचकीत, बुळबुळीत वसाहती आल्या. सर म्हणाले, झॅन्थोमोनास आहे, म्हणजे तेल्याचाच जिवाणू, प्रॅक्टिकलच्या वहीत लिहून टाक. तू लिहून टाकलं नाहीस. रोग हाच करतो कशावरून, हे तुला कळेना. मग तू कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात डाळिंबाची दोन निरोगी रोपं ठेवलीस. एकावर जिवाणू मिसळलेलं पाणी फवारलंस, दुसऱ्यावर नुसतं पाणी, आणि दोन्ही रोपं प्लॅस्टिकच्या पिशवीनं झाकलीस. दहाबारा दिवसांनी पहिल्या रोपाच्या पानांवर तेलकट डाग आले, दुसरं स्वच्छ राहिलं. त्या डागांतून पुन्हा तोच जिवाणू काढायचा होता, पण परीक्षा आली आणि राहून गेलं.

रोगजंतू ओळखायची जी रीत रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिली, तिच्या चारपैकी तीन पायऱ्या तू चढली आहेस. दुसऱ्या रोपावर नुसतं पाणी फवारायचं हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, असंही तू लिहितेस. तुझ्या गुणपत्रिकेतून मला जेवढं कळलं नसतं, तेवढं त्या दुसऱ्या रोपावरून कळलं. डागांतून तोच जिवाणू पुन्हा काढायची राहिलेली चौथी पायरी या सत्रात पूर्ण कर. पुढे कुणाला पत्र लिहिशील, मुलाखतीला बसशील, तेव्हा सांगायला हेच सगळ्यात उपयोगी पडणार आहे.

आता सरांचं म्हणणं. ते वाईट हेतूनं बोलले असं मला वाटत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना ठेच लागलेली त्यांनी पाहिली असेल. पण ‘घरची परिस्थिती’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे पैसा असावा. माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचं नाव तू ऐकलं असशील. 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या, शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला, आणि 1939 मध्ये केंब्रिजमधून त्यांनी पीएच.डी. मिळवली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि ती आहेच. पण त्यांचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ होते, दोघंही त्याच संस्थेत शिकलेले. म्हणजे ही संस्था काय आहे, तिथे काय चालतं, तिचं दार ठोठावण्यात अर्थ आहे, हे त्या मुलीला घरात बसल्याबसल्या माहीत होतं.

तुझ्या घरी ते माहीत नाही, कमी आहे ते एवढंच. बुद्धी कमी नाही, कष्टाची सवय तर शहरातल्या बहुतेकांपेक्षा जास्त आहे. कोणती परीक्षा कधी असते, पैसे कोण देतं, कुणाला काय विचारायचं, हे ज्यांच्या घरी जेवताना कानावर पडतं त्यांना ते माहिती म्हणून मिळवावं लागत नाही. तुला मिळवावं लागेल. त्याला वेळ लागतो, विचारत फिरावं लागतं, पण ते मिळतं. म्हणून या पत्रात थोडं तेच सांगते. तुझ्यासारखी पत्रं परभणीहून, गडहिंग्लजहून, शहाद्याहूनही येतात, त्यांनाही ते उपयोगी पडावं.

तुझ्या प्रश्नात एक गोष्ट धरून चालली आहे: संशोधन म्हणजे घरातून पैसा बाहेर जाणं, आणि बी.एड. किंवा नोकरी म्हणजे घरात पैसा येणं. हे जरा हिशेबानं बघू या. बी.एड.ला दोन वर्षं आणि फी. त्यानंतर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग सरकारच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षकभरतीची वाट. एमपीएससीत कितीजण किती वर्षं घालवतात ते तुझ्या तालुक्यातली कुठलीही अभ्यासिका बघितलीस तरी दिसेल. दोन्ही रस्ते चांगले आहेत, त्यांवरून गेलेली चांगली माणसं मला माहीत आहेत, पण ते लवकर पैसा देणारे रस्ते नाहीत. औषध कंपनीतली गुणवत्ता तपासणीची नोकरी खरंच लवकर पैसा देते. तिच्याकडे मी पुढे येते.

उलट जीवशास्त्रातल्या पीएच.डी.ला, रीतसर फेलोशिप असेल तर, विद्यार्थ्यालाच दरमहा पैसे मिळतात. सीएसआयआर-यूजीसी नेट या विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली की 2023 पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000, वर घरभाडं. एम.एस्सी. होईपर्यंत तू बावीस-तेवीस वर्षांची असशील. म्हणजे तू ज्याला ‘दहा वर्षांचं शिक्षण’ म्हणतेस, त्यातली घरावर भार टाकणारी वर्षं एम.एस्सी.ची दोन. तीही कमी करता येतात. बी.एस्सी.नंतर थेट एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र करण्याची सोय बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आहे, मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत आणि तिच्याच बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र केंद्रात आहे. तिथे पहिल्या वर्षापासून विद्यावेतन मिळतं. जागा थोड्या आणि चुरस मोठी, हे खरं.

यासाठी या वर्षी तुला काय करावं लागेल? आयआयटींची ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा साधारण फेब्रुवारीत असते, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात. तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात जीवशास्त्राबरोबर बारावीच्या पातळीचं गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रही असतं. आपल्याकडची सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं तिथेच अडतात, कारण बारावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नसतं. तुझा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याच्याबरोबर बसून त्याचंच पुस्तक सोडव, दोघांचंही काम होईल. शिवाय जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी या प्रवेशपरीक्षा, आणि शिवाजी विद्यापीठ, पुणे विद्यापीठ यांचे आपापले प्रवेश आहेत. सगळे अर्ज भरू नकोस, फीच्या पैशानं खिसा रिकामा होईल. दोन परीक्षा आणि दोन विद्यापीठं पुरे.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून एक फेलोशिप देतात. विद्यार्थ्याला देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करायला मिळतं, विद्यावेतन आणि प्रवासखर्चही मिळतो. अर्ज दिवाळीच्या सुमारास सुरू असतात. लहान कॉलेजांत ही माहितीच पोचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती फेलोशिप तिथल्या मुलांच्या सगळ्यात जास्त कामाची आहे. दोन महिने प्रयोगशाळेत काढले की हे काम आपल्याला खरंच आवडतं का, हेही कळतं. प्लेटवर काहीच न उगवण्याचे आठवडेच्या आठवडे कसे वाटतात, ते तिथे जाऊनच समजतं.

कागदपत्रांचं आत्ताच बघ. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलच्या खेपा घालताना हातची जागा गेलेली मुलं दरवर्षी दिसतात. पुढे पीएच.डी.साठी अनुसूचित जातींना बार्टी, मराठा-कुणबी समाजाला सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आदिवासी विद्यार्थ्यांना केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. हे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतीलच असं समजू नकोस. या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागलं आहे, आणि केंद्राच्या फेलोशिपही रखडतात. घरी पैसे पाठवायचं वचन देताना हे लक्षात ठेव. पहिले सहा महिने घरी काही पाठवता येणार नाही असंच आधी सांग.

वाईट बातमी आणखी आहे, ती लपवणार नाही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात. त्यानंतर कॉलेजातली कायम नोकरी मिळेल असं धरून चालू नकोस. महाराष्ट्रात पीएच.डी. झालेली, नेट पास झालेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत, आणि त्यांचं मानधन सुट्टीत बंद होतं. तुझ्या वडिलांनी बहुधा असाच कुणीतरी बघितला असेल, म्हणून ते विचारतात. त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अगदी बरोबर आहे. प्राध्यापकीखेरीज जागा आहेत: जालन्याच्या बियाणे कंपन्या, पुण्यातल्या लस आणि निदान-चाचण्यांच्या कंपन्या, सरकारी संशोधन संस्थांतले प्रकल्प. पण त्यांना पदवीपेक्षा हातात काय येतं याच्याशी मतलब असतो. म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्या दिवसापासून एखादं तंत्र हातात पक्कं बसव, आणि संगणकावर आकडेवारी हाताळायला शीक. जीवशास्त्रात आता त्यावाचून पान हलत नाही.

इंग्रजीचं तू फार मनावर घेतलंयस. शास्त्राचं इंग्रजी मर्यादित असतं. तेच शंभर-दोनशे शब्द, त्याच चारपाच वाक्यांच्या धाटण्या पुन्हा पुन्हा येतात. आठवड्याला एक शोधनिबंध घे. पबमेड सेंट्रल या संकेतस्थळावर हवे तितके फुकट मिळतात. पहिल्या ओळीपासून वाचायला लागू नकोस. आधी आकृत्या बघ, प्रत्येक आकृतीखालचा मजकूर वाच, आणि ‘यांनी काय केलं, काय दिसलं, मला पटलं का’ एवढं मराठीत वहीत लिही. मग सारांश वाच. सुरुवात तेल्याच्या जिवाणूपासूनच कर, कारण त्या विषयात लेखकानं सोडलेली गोष्ट तुला दिसेल. फळ इंग्रजी एल किंवा वायच्या आकारात तडकतं असं छापलेलं वाचशील, तेव्हा ते फळ तू हातात घेतलेलं असेल. लिहिणाऱ्या प्रत्येकानं घेतलं असेल असं नाही. बोलायचं इंग्रजी प्रयोगशाळेत वर्षभरात आपोआप सुटतं. पुण्या-बंगळूरच्या संस्थांमध्ये तमिळ, मणिपुरी, ओडिया मुलं असतात, त्यांचंही इंग्रजी शिकूनच आलेलं असतं.

शास्त्रज्ञांना ई-मेल लिहायला तू घाबरतेस. लिही. फक्त ‘आपल्या नामवंत प्रयोगशाळेत काम करण्याची मला अतिशय इच्छा आहे’ हा मजकूर पन्नास जणांना एकदम पाठवू नकोस. असे मेल रोज येतात आणि न वाचता पुसले जातात. एका माणसाला एक मेल. त्यांच्या एका शोधनिबंधातली नेमकी कोणती गोष्ट वाचली ते एका वाक्यात. मग तुझा दोन रोपांचा प्रयोग तीन वाक्यांत, त्यात काय राहिलं तेही. शेवटी एकच विनंती: उन्हाळ्यात दोन महिने काम मिळेल का, किंवा चौथी पायरी करताना अमुक अडचण येते, काय करावं. पाच मेलना एखादं उत्तर येईल. चार आली नाहीत म्हणून तू अपात्र ठरत नाहीस, लोक कामात असतात. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेल्यावर काम करणारी माणसं तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहेत. पहिला मेल तिथेच जाऊ दे.

पुढे पीएच.डी.ची वेळ येईल तेव्हा संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघून निवड. इथे घरात आधी कुणी न शिकलेल्या मुलींचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ‘सरांनी घेतलं हेच उपकार’ अशी भावना असते. प्रयोगशाळेतल्या मुलांना एकेकटं गाठून विचार: आधीच्यांना पदवी मिळायला किती वर्षं लागली, घरी अडचण आली तर रजा मिळते का, शोधनिबंधावर केलेल्या कामाप्रमाणे नाव येतं का, मधेच सोडून कोण गेलं आणि का. सोडून गेलेल्यांपैकी एकाला तरी फोन कर. मुलगी म्हणून कुठे अवघड वाटलं तर प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिचा नंबर आधीच लिहून ठेव.

स्थळाबद्दल फार लिहीत नाही. तुला आत्ता लग्न करायचं नाही हे तू पत्रात स्पष्ट लिहिलंस, पण घरी बोललेली दिसत नाहीस. ‘शिक्षण चालू आहे’ हे कारण सांगत राहिलीस तर शिक्षण संपलं की विषय निघणारच. ‘एम.एस्सी. पुरी होईपर्यंत नाही’ असं आईला एकटीला गाठून सांग. आई तुझ्या बाजूनं आहे असं तुझ्याच पत्रातून वाटतं: प्रोजेक्टच्या दिवसांत तुला कामातून मोकळं ठेवायला रविवारीही तीच मजुरीला गेली, असं तू लिहिलंस.

आणि वडील. त्यांना ‘मला शास्त्रज्ञ व्हायचंय’ असं सांगितलंस तर ते काय उत्तर देणार? त्यांना मुदत, रक्कम आणि पुढची सोय सांग. पण त्याआधी त्यांच्याशी बागेबद्दल बोल. तू लिहितेस की शेवटची दोन वर्षं त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार सोडून पाऊस सरतानाचा हस्त बहार धरला होता, कारण पावसाळ्यात तेल्या जास्त भडकतो हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि रोग नेहमी वाऱ्यापावसाच्या बाजूच्या ओळींत आधी दिसायचा. पावसाच्या थेंबांबरोबर उडून जिवाणू पसरतो, हे तू पुस्तकात वाचलंस. त्यांनी ते ओळीओळीनं बघितलंय. त्यांना विचारून तारखा, बहार, फवारण्या, बोर्डो कधी मारलं आणि स्ट्रेप्टोसायक्लिन कधी, सगळं लिहून काढ. तुझ्या प्रोजेक्टला त्याचा उपयोग आहे, आणि तू नेमकं काय करणार आहेस हे त्यांना त्यातून जितकं समजेल तितकं माझ्या लेखातून समजणार नाही.

मग कागदावर मांडून बस. यंदा दोन प्रवेशपरीक्षा आणि दोन विद्यापीठांचे अर्ज, खर्च इतका. एम.एस्सी.ची दोन वर्षं, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती धरून घरातून लागणारे पैसे इतके. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नेटचा पहिला प्रयत्न. ही परीक्षा साधारण वर्षातून दोनदा होते. एम.एस्सी.नंतर आणखी एक वर्ष, त्यात एखाद्या संस्थेच्या प्रकल्पात सहायक म्हणून पगारी काम आणि सोबत नेट. एवढ्यात फेलोशिप मिळाली नाही, तर औषध कंपनीची नोकरी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला ती बी.एस्सी.पेक्षा चांगल्या जागेवर मिळते, म्हणजे ती दोन वर्षं कोणत्याही परिस्थितीत फुकट जात नाहीत. भावाच्या शिक्षणाचा वाटा तू कोणत्या वर्षापासून उचलशील तेही त्याच कागदावर लिही. थांबायची तारीख तू स्वतः घालून दिलीस की वडिलांना ‘हो’ म्हणणं सोपं जाईल. ती तारीख आली आणि हाती काही नसलं तर पुन्हा बसून दोघांनी मिळून ठरवा, तेव्हा मलाही लिही.